फटकळ ड्रायव्हर आणि रविवारची संध्याकाळ: सोलापुरात बसून फॉर्म्युला वन कसं ऐकायचं

फॉर्म्युला वनची शर्यत लावली की घरातलं कोणीतरी दहाव्या मिनिटाला विचारतंच, "गाड्या नुसत्या गोल फिरतायत, यात बघायचं काय?" प्रश्न रास्त आहे. नुसतं बघणाऱ्याला पहिल्या वळणानंतर फारसं काही हाती लागत नाही. मजा ऐकण्यात आहे. ताशी तीनशे किलोमीटरने जाणारा माणूस हेल्मेटच्या आतून आपल्या इंजिनिअरशी भांडतो, टोमणे मारतो, पंचांच्या नावाने बोटं मोडतो, आणि ते सगळं आपल्याला घरबसल्या ऐकू येतं. क्रिकेटमध्ये स्टंप माइकवर एखादं वाक्य सापडलं तर आठवडाभर पुरतं. इथे तशी वाक्यं शर्यतभर येत राहतात.

हा लेख खास फटकळ ड्रायव्हरांचा पाठलाग करणाऱ्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: यांची मजा रील बघून अर्धीसुद्धा मिळत नाही. पंधरा सेकंदांच्या क्लिपवर हसू येतं, पण तो का चिडला, खरंच चिडला की नाटक केलं, आणि त्या चिडण्याची किंमत काय मोजली, हे कळायला शर्यत लागते. आणि थोडी तयारी.

आधी पास, डेटा आणि लाइट

भारतात २०२४ च्या हंगामापासून फॉर्म्युला वन फॅनकोड ॲपवर दिसतं. हंगामाचा पास असतो, एकेका शर्यतीचाही मिळतो. नवखे असाल तर आधी एका शर्यतीचाच घ्या. आवडलं तर पुढचं बघू. प्रसारणाचे हक्क दर काही वर्षांनी इकडून तिकडे जातात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ॲपमध्ये चालू हंगामाचं वेळापत्रक दिसतंय का तेवढं तपासा. टेलिग्रामवरच्या फुकट लिंकच्या नादाला लागू नका. चोरीचा माल तो चोरीचाच, शिवाय बऱ्याचदा कॉमेंट्री जर्मन नाही तर स्पॅनिश असते आणि ड्रायव्हर-इंजिनिअरच्या बोलण्याचा रेडिओ लागला की समालोचक त्याच्यावरच बोलत सुटतो. ज्यासाठी बसलो तेच हातचं जातं.

शर्यत ३०५ किलोमीटरच्या आसपास असते, मोनॅकोची तेवढी २६०. प्रत्यक्ष शर्यतीला दोन तासांची मर्यादा आहे. लाल झेंडा पडून मध्ये थांबली तर सगळं मिळून तीन तासांपर्यंत जाऊ शकते. एचडीमध्ये तासाला दीड ते तीन जीबी डेटा सहज जातो. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर बसलात तर शेवटच्या लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, येईपर्यंत चक्र फिरायला लागतं, आणि नेमकी भांडणं तेव्हाच होतात. घरी फायबर नसेल तर क्वालिटी ४८० वर आणा. चित्र धुरकट चालेल, आवाज तुटता कामा नये. शक्य असेल तर हेडफोन लावाच. रेडिओचा आवाज खरखरीत असतो, आणि फुल स्पीडवर फिरणाऱ्या पंख्याखाली टीव्हीच्या स्पीकरवर निम्मे शब्द विरून जातात.

आता लाइट. मे महिन्यात, पारा चाळिशी पार करून बसलेला असताना, संध्याकाळी लाइट जाणार नाही याची हमी सोलापुरात कोण देईल? इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे ना, ते शनिवारीच बघून ठेवा. नसेल तर बारा व्होल्टच्या राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो एक शर्यत निभावून नेतो.

वेळा पाठ करा

युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, ब्रिटनमधली सिल्व्हरस्टोन साडेसातला. सिंगापूर सहसा साडेपाचला. ऑस्ट्रेलिया आणि जपान सकाळी, साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान. ब्राझील रात्री साडेदहाला. अमेरिकेकडे गेलं की हाल सुरू: ऑस्टिन रात्री साडेबारा, मायामी आणि मेक्सिको दीड, म्हणजे तारीख सोमवारची. वेळा थोड्या पुढेमागे होतात, म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये एकदाच सगळ्या भरून टाका.

साडेसहाची वेळ आपल्या गावाला झकास मानवते. ऊन उतरलेलं असतं आणि अजून कोणाला पार्क चौकात भेळ खायला जायची घाई नसते. अडचण एकच, रविवारचा महाएपिसोड. तो असला तर टीव्हीची आशा सोडा, लॅपटॉप गाठा.

फक्त रविवार धरून बसू नका, हे मात्र आग्रहाने सांगेन. फटकळ माणसाचा आठवडा गुरुवारी सुरू होतो. त्या दिवशी पत्रकार ड्रायव्हरांना गाठतात आणि मागच्या शर्यतीचं उट्टं निघतं. शुक्रवारच्या सरावात गाडीबद्दलची कुरकुर ऐकू येते. शनिवारी क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, रस्त्यात कोणी आडवा आला की शिवी पडते. रविवारच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. पूर्ण सराव बघत बसायची गरज नाही. गुरुवारच्या पत्रकार परिषदेचं लिखित रूप एफआयए, म्हणजे या खेळाची नियामक संस्था, आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकते, ते चहा पिता पिता वाचून होतं. क्वालिफाइंगचा तास मात्र चुकवू नका.

एक ड्रायव्हर धरा, आणि त्याचा इंजिनिअरही

वीस-बावीस जणांचं सगळं ऐकायला गेलात तर गोंधळ होईल. एकाला धरा. आणि त्याच्यासोबत त्याच्या कानात बोलणाऱ्या इंजिनिअरलाही, कारण जुगलबंदीला दोघं लागतात.

मॅक्स व्हर्स्टॅपन आणि जानपिएरो लांबियाझे ही त्यातली सर्वात रंगतदार जोडी. मॅक्स तोंडाला येईल ते बोलतो आणि लांबियाझे त्याला घरातल्या मोठ्या भावासारखा झापतो. जगज्जेत्याला त्याच्याच पगारी इंजिनिअरने चारचौघांत गप्प करावं, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात मिळेल?

फर्नांडो अलोन्सो हा दुसऱ्या जातीचा. तो चिडतो तेव्हासुद्धा कुठे, कोणासमोर चिडायचं ते ठरवून चिडतो. २०१५ साली त्याच्या मॅक्लारेन संघाच्या गाडीत होंडाचं इंजिन होतं आणि ते रडतखडत चाललं होतं. अलोन्सोने ते रेडिओवर खालच्या वर्गातलं, जीपी-टूचं इंजिन म्हणून हिणवलं, आणि तेही कुठे, तर जपानमधल्या सुझुकाला. सुझुकाचा ट्रॅक होंडाच्याच मालकीचा.

फेरारीचा शार्ल लक्लेर स्वतःवरच बरसतो. २०१९ साली बाकूच्या क्वालिफाइंगमध्ये भिंतीला धडकल्यावर रेडिओवर तो स्वतःलाच मूर्ख म्हणत राहिला. पण त्याचा माझा आवडता प्रसंग २०२५ च्या ऑस्ट्रेलियातला. पावसातली शर्यत. लक्लेर सांगतो, सीट पाण्याने भरलीय. पलीकडून थंड उत्तर येतं: पाणीच असेल ते. त्यावर लक्लेर म्हणतो, हे वाक्य आपल्या सुविचारांच्या यादीत घालून ठेवू. शिवी नाही, आरडाओरडा नाही, आणि फेरारीच्या पूर्ण कारभारावर शेरा मारून झाला.

किमी रायकोनेन २०२१ नंतर निवृत्त झाला, पण त्याच्याशिवाय ही यादी अपुरी राहील. २०१२ ला अबुधाबीत तो आघाडीवर असताना इंजिनिअर सूचना देत होता. किमीने सुनावलं: मला माझं करू दे, मी काय करतोय ते मला कळतं. आणि शर्यत जिंकला. जिंकला म्हणून ते वाक्य टी-शर्टांवर छापलं गेलं, हरला असता तर उद्धटपणा ठरला असता.

रेडिओवर आपण नेमकं काय ऐकतो

इथे थोडं थांबू, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते.

पहिली गोष्ट, पडद्यावर येणारा रेडिओ निवडून दिलेला असतो. सगळ्या गाड्यांची बोलणी एकाच वेळी चालू असतात आणि प्रसारण करणारे त्यातलं चटकदार उचलतात. दुसरी गोष्ट, तो उशिरा लागतो. ड्रायव्हर सहाव्या वळणावर ओरडला ते आपल्याला कधी पुढच्या लॅपला ऐकू येतं, आणि मग चित्र एक आणि आवाज भलताच असं होतं. म्हणून रेडिओचा चौकोन पडद्यावर आला की "हे कधीचं?" हा प्रश्न आधी विचारा. समालोचक बऱ्याचदा सांगतात. त्या चौकोनात शब्दही लिहून येतात, त्यामुळे उच्चार कळले नाहीत तरी अडत नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची पट्टी. अशोक चौकाकडच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात पाच मिनिटं उभे राहा. तिथे माणसं एकमेकांवर खेकसतायत असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात मागांच्या खडखडाटात "बॉबिन आण" एवढंच सांगणं चाललेलं असतं. ड्रायव्हरचं निम्मं ओरडणं या जातीचं असतं. कानाशी इंजिन, मानेवर वळणाचा जोर, धाप लागलेली. त्या पट्टीला राग समजू नका, शब्द ऐका.

चौथी गोष्ट सगळ्यात मजेशीर. हा रेडिओ प्रतिस्पर्धी संघ ऐकतात आणि रेस कंट्रोल, म्हणजे शर्यतीचा नियंत्रण कक्षही ऐकतो. त्यामुळे "त्याने मला ट्रॅकबाहेर ढकललं!" हे वाक्य इंजिनिअरला उद्देशून असलं तरी रोख पंचांकडे असतो. "टायर संपले" हेही तसंच. लुईस हॅमिल्टनने मर्सिडीजमध्ये असताना आपला इंजिनिअर पीटर बॉनिंग्टन, म्हणजे बोनो, याला टायर गेले म्हणून सांगायचं आणि पुढच्याच लॅपला झकास वेळ द्यायची, हा तर चाहत्यांचा ठरलेला विनोद आहे. तक्रार ऐकली की लगेच लॅपची वेळ बघा. वेळ घसरली नसेल तर तक्रारीत मसाला जास्त आहे.

सरावासाठी एक शर्यत: हंगेरी, २१ जुलै २०२४

फटकळपणा कसा ऐकायचा हे शिकायला मी नवख्यांना हीच शर्यत सांगतो. एकाच संध्याकाळी दोन भांडणं, दोन्ही वेगळ्या स्वभावाची. ठळक क्षण फॉर्म्युला वनच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट आहेत.

आधी मॅक्लारेन. लँडो नॉरिस पहिल्या क्रमांकावरून सुटला, पण त्याचाच संघसहकारी ऑस्कर पियास्त्रीने सुरुवातीलाच आघाडी घेतली. शेवटच्या टायरबदलाला संघाने नॉरिसला आधी आत बोलावलं, कारण मागून हॅमिल्टनचा धोका होता. आधी आत गेलेल्याला ताज्या टायरचा फायदा मिळतो, त्यामुळे पियास्त्री बाहेर आला तेव्हा नॉरिस त्याच्या पुढे होता. संघाने सांगितलं, जागा परत दे. नॉरिस देईना. पुढची कितीतरी मिनिटं त्याचा इंजिनिअर विल जोसेफ त्याची समजूत घालत राहिला: विजेतेपद एकट्याच्या जोरावर मिळत नाही, तुला ऑस्कर लागेल, संघ लागेल. इथे कान द्या तो नॉरिसच्या गप्प बसण्याकडे. फटकळ माणूस उत्तर देत नाही तेव्हा तो हिशेब करत असतो. ७० पैकी ६८ व्या लॅपला त्याने वेग कमी केला, पियास्त्री पुढे गेला आणि कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकला.

त्याच वेळी मागे व्हर्स्टॅपनच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. त्याच्या रेड बुल संघाच्या डावपेचांनी त्याच्या जागा गेल्या आणि तो संघाला रेडिओवर अक्षरशः धुऊन काढत होता. शेवटाकडे पहिल्या वळणावर हॅमिल्टनला ओलांडताना दोघांची टक्कर झाली, मॅक्सची गाडी हवेत उडाली. हॅमिल्टनने ब्रेकिंग करताना जागा बदलली, अशी त्याची तक्रार. तेव्हा लांबियाझेने सुनावलं, मी रेडिओवर दुसऱ्या संघांशी भांडत बसणार नाही, हा पोरकटपणा आहे. मॅक्स पाचवा आला, पंचांनी टकरीबद्दल कोणालाच शिक्षा केली नाही.

आता हेच फुटेज पुन्हा लावा आणि फक्त इंजिनिअरांचं ऐका. जोसेफ आर्जवाने बोलतो, लांबियाझे छडी घेऊन. दोघांनाही आपला माणूस कशाने वळतो ते माहीत आहे. एवढं ऐकू आलं की पुढच्या रविवारची शर्यत तुम्हाला पूर्वीसारखी दिसणार नाही.

दुसरा पडदा: पंचांचा कागद

फोनवर फॉर्म्युला वनचं अधिकृत ॲप ठेवा, लॅपच्या वेळांसाठी. पण त्याहून मोलाचं साधन एफआयएच्या संकेतस्थळावर असतं. तिथे शर्यतीचे सगळे अधिकृत कागद पीडीएफमध्ये येतात, पंचांचे निर्णयसुद्धा. एका पानाचा मामला: ड्रायव्हर कोण, वेळ काय, घटना काय, कोणता नियम मोडला, निर्णय आणि त्यामागचं कारण. रेडिओवर जो आकांत ऐकला त्याचा निकाल इथे थंड भाषेत वाचायला मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात जी गंमत आहे ती समालोचनात नाही.

बार्सिलोना २०२५ चं उदाहरण घ्या. शेवटच्या टप्प्यात व्हर्स्टॅपनला संघाने जॉर्ज रसेलला पुढे जाऊ दे म्हणून सांगितलं. तो रेडिओवर भडकला, वेग कमी केला, आणि रसेल शेजारी आल्यावर त्याच्यावर गाडी घातली. दहा सेकंदांची शिक्षा, पाचव्या क्रमांकावरून थेट दहाव्यावर. पाचव्याला १० गुण, दहाव्याला १. डिसेंबरात हंगाम संपला तेव्हा नॉरिस ४२३ गुणांवर जगज्जेता होता आणि व्हर्स्टॅपन ४२१ वर. बाकीच्या शर्यतींतही गुण इकडेतिकडे झाले होते, त्यामुळे सगळं खापर एका रागावर फोडू नये. पण ते नऊ गुण चाहत्यांच्या डोक्यातून जात नाहीत.

शिव्यांचा दर

ड्रायव्हरांच्या तोंडाला आवर घालायचा प्रयत्न एफआयएने केला, तोही एक तमाशाच झाला. सप्टेंबर २०२४ ला सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत व्हर्स्टॅपनने आपल्या गाडीबद्दल शिवी वापरली. शिक्षा काय, तर समाजसेवा. त्याने पुढच्या अधिकृत परिषदेत एका-दोन शब्दांत उत्तरं दिली आणि पत्रकारांना बाहेर बोलावून तिथे मनसोक्त बोलला. समाजसेवा नंतर रवांडात तरुण ड्रायव्हरांसोबत पार पडली. मेक्सिकोत लक्लेरला १०,००० युरोचा दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. नोव्हेंबरात ड्रायव्हर संघटनेने खुलं पत्रच लिहिलं, आम्ही पोरं नाही, मोठी माणसं आहोत अशा सुराचं.

जानेवारी २०२५ ला एफआयएने दरपत्रक काढलं: फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरला पहिल्या गुन्ह्याला ४०,००० युरो, दुसऱ्याला ८०,०००, तिसऱ्याला १,२०,००० आणि वर एक महिन्याची बंदी. पहिलाच दंड तेव्हाच्या दराने पस्तीस लाखांच्या पुढे जातो. आरडाओरडा झाल्यावर मे महिन्यात मूळ दंड निम्म्यावर आणला गेला आणि पत्रकार परिषदेसारखी शांत जागा वेगळी, शर्यतीतला रेडिओ वेगळा, असा भेद मान्य झाला. मला हे पटतं. खुर्चीत बसून शिवी देणं आणि भिंतीला धडकता धडकता तोंडातून निघणं यात फरक आहेच. पण रेडिओवर सगळंच माफ असावं असं मात्र नाही. २०२४ ला ऑस्ट्रियात युकी त्सुनोडाने रेडिओवर अपंगांना हिणवणारा शब्द वापरला, त्याबद्दल ४०,००० युरोचा दंड झाला, निम्मा स्थगित. तो योग्यच होता.

घरात लहान मुलं असतील तर फार काळजी नको. प्रसारणात शिवीवर बीप लागते. फक्त मुलं बीपचा अर्थ विचारतात, त्याची तयारी ठेवा.

आपलाही एक किस्सा

यात भारतीय माणूसही सापडलाय. २०१२ ला मलेशियात सेबास्टियन व्हेटेल मागे पडलेल्या नारायण कार्तिकेयनला ओलांडताना घासला, टायर फुटला, गुण गेले. व्हेटेलने नंतर त्याला काकडी म्हटलं. कार्तिकेयननेही सोडलं नाही, जगज्जेता असून रडक्या पोरासारखा वागतो म्हणाला. पुढच्या वर्षी हाच व्हेटेल ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर चौथं विजेतेपद जिंकून प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवत होता आणि हात जोडून गाडीपुढे वाकला होता. त्याबद्दल त्याच्या संघाला २५,००० युरो दंड. आपल्याकडे झालेली ती शेवटची फॉर्म्युला वन शर्यत.

वाक्य खरं की बनावट

इन्स्टाग्रामवर ड्रायव्हरचा फोटो आणि खाली जळजळीत वाक्य, यातलं बरंच बनावट किंवा अर्धवट तोडलेलं असतं. वाक्य पत्रकार परिषदेतलं असेल तर एफआयएच्या लिखित रूपात सापडलं पाहिजे. रेडिओवरचं असेल तर आवाज सापडला पाहिजे. दोन्ही नसेल तर ग्रुपवर पुढे ढकलू नका. नेटफ्लिक्सवर २०१९ पासून येणाऱ्या फॉर्म्युला वनच्या मालिकेबद्दलही थोडं सावध राहा. तिच्यामुळे लाखो लोक या खेळाकडे वळले हे खरं, पण नसलेली वैरं रंगवतात म्हणून खुद्द व्हर्स्टॅपनने काही काळ तिला मुलाखती देणं बंद केलं होतं. ओळख म्हणून बघा, पुरावा म्हणून नको.

चार जण मिळून बघताना

एका खोलीत बसून बघणं सर्वात उत्तम. मराठी कॉमेंट्री नाही, तर तुम्हीच करा. आपल्याकडे एका ग्रुपमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे सहज निघतात. व्हर्स्टॅपनच्या बीपखाली काय दडलं असेल याचे तिन्ही भाषांतले अंदाज ऐकणं हा वेगळाच कार्यक्रम आहे. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवा, कोणाला मध्येच उठावं लागत नाही.

वेगवेगळ्या घरी बसून बघत असाल तर एक पथ्य पाळा. प्रत्येकाचं स्ट्रीमिंग काही सेकंद मागेपुढे असतं. जुळे सोलापुरातल्या मित्राचा "गेला बे!" असा मेसेज तुमच्या पडद्यावरच्या धडकेआधी येतो आणि चव जाते. शर्यत संपेपर्यंत ग्रुप म्यूट. क्रीडा ॲपच्या नोटिफिकेशनही बंद. ऑस्टिन किंवा मेक्सिकोसाठी रात्री जागायचं नसेल तर सकाळी उठल्याबरोबर व्हॉट्सॲप उघडू नका. आधी रिप्ले लावा, मग पंचांचे कागद काढा, आणि ऑफिसमधल्या त्या एका चाहत्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड उघडू नको म्हणून आदल्या दिवशीच बजावून ठेवा.